ताईच्या पाठीची कार्डं

ताई गेली त्याला दोन महिने झाले, आणि तिचं घर रिकामं करायचं काम धाकटीच्या वाट्याला आलं. दादा परदेशात. तो फोनवरून "हे ठेव, ते देऊन टाक" एवढंच करू शकत होता. घरमालकाने महिनाअखेर किल्ली मागितली होती. धाकटीने चष्म्याच्या दुकानातून चार दिवसांची रजा काढली, दोन तास बसमध्ये अवघडून आली आणि कंबर कसून कामाला लागली.

घर तरी केवढं! दोन खोल्या आणि एक ओटा. आतली खोली दीड वर्षापूर्वीपर्यंत आईची होती. आईच्या पलंगाच्या चार पायांच्या चार खुणा फरशीवर अजून होत्या. पलंग गेला, आई गेली, मागोमाग ताईही गेली. खुणा मात्र पुसता पुसत नव्हत्या. पहिल्या दिवशी धाकटी त्यांना वळसा घालूनच फिरली. जणू पलंग अजून तिथंच आहे, आणि कुणी झोपलंय.

दुसऱ्या दिवशी कपाटाच्या तिसऱ्या खणात, जुन्या चादरींच्या खाली, तिला पाकिटं सापडली. फिकट हिरवी, कोपऱ्यात सोनेरी पान छापलेली. तिने ती लगेच ओळखली. न ओळखायला काय झालं, तिनेच पाठवली होती. दर वर्षी ताईच्या वाढदिवसाला एक. गावातल्या सगळ्यात मोठ्या स्पाचं भेटकुपन. 'नव्वद मिनिटांचा संपूर्ण विश्राम.'

आठ वर्षांत आठ पाठवली होती. खणात सात होती. सातही बंद. फोडलेलं एकही नव्हतं.

धाकटी तिथंच फरशीवर बसली.

आता हे नुसतं कुपनांचं असतं, तर तिने "ताई म्हणजे ताईच" म्हणून डोक्याला हात लावला असता आणि पुढचा खण उघडला असता. पण त्या कुपनांच्या मागे एक वाक्य होतं. आठ वर्षांपूर्वीचं. आईला तेव्हा नुकतं विसरायला होऊ लागलं होतं. आधी चष्मा विसरायची, मग जेवल्याचं विसरली, मग घर. दादा आणि धाकटी, दोघांचं ठरलं की आईला अशा माणसांची देखभाल करणाऱ्या संस्थेत ठेवावं. ताई म्हणाली, नाही. दोघांनी समजावलं, तरी नाही. तेव्हा धाकटी पटकन बोलून गेली, "तुला आई सोडवत नाही ताई, कारण तुझ्याकडे दुसरं आहेच काय?"

ताईचं लग्न झालेलं नव्हतं. आईसाठी तिने पोस्टातली नोकरीही सोडली होती, निवृत्तीला सहा वर्षं असताना. ते वाक्य आलं तेव्हा ती पातेलं घासत होती. तिने ते विसळलं, पालथं घातलं आणि म्हणाली, "चहा टाकलाय. घेऊन जा."

एवढंच. पुन्हा त्या वाक्याचा विषय कधी निघाला नाही. एखादं भांडं पडलं की आवाज होतो, घरातली माणसं धावत येतात. हे वाक्य पडलं ते कापसावर पडावं तसं.

धाकटीला "चुकलं माझं" म्हणायचं होतं. जिभेवर आलं की गिळलं जायचं. मग ताईचा वाढदिवस आला, आणि तिने पहिलं कुपन पाठवलं. सोबत चिठ्ठी: 'ताई, पाठ मोकळी करून घे. मनही.' तिच्या लेखी ती माफीच होती. फोनवर ताई म्हणाली, "पोचलं गं. छान आहे." पुढच्या वर्षीही हेच. "गेलीस का?" "गेले की." "कसं वाटलं?" "छान." आठ वर्षं ताई छान म्हणत होती, आणि आठ वर्षं धाकटी प्रत्येक छानला जरा जरा हलकी होत होती.

आणि इथं सात पाकिटं तोंड मिटून बसलेली.

म्हणजे ताईने माफी घेतलीच नाही. चादरींखाली दाबून ठेवली. ताई रागातच गेली का? आता हे विचारायचं कुणाला? ज्या एका माणसाला विचारायचं, त्याच्या साडीची तर आता ती घडी घालत होती.

संध्याकाळी तिने दादाला फोन केला. तो म्हणाला, "तू पण ना! नसेल वेळ मिळाला तिला. आईला सोडून कुठं जाणार होती ती?"

"जात होती," धाकटी म्हणाली. तिची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे होती. एक सोडून एक गुरुवार, बारीक अक्षरात, 'बाई ४'. मागची पानं उलटली, तिथंही. खणातली जुनी कॅलेंडरं काढली, तिथंही. "दर पंधरा दिवसांनी चार वाजता कुठंतरी जात होती ती. बाई म्हणून कुणीतरी आहे."

ताईच्या फोनमध्ये 'बाई' सापडल्या, आणि त्यांच्या नावापुढे ताईने कंसात लिहिलं होतं: मालिश.

धाकटीला तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे ताईला वेळ होता. पाठही दुखत होती. मालिशही हवी होती. नको होतं ते फक्त धाकटीचं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आधी स्पामध्ये गेली. का गेली ते तिलाही सांगता आलं नसतं. आठ पाठवली, सात सापडली. त्या एका पाकिटाची आशा होती म्हणा.

काचेचा दरवाजा आपोआप उघडला. आत कुठंतरी झरा वाहत होता. बघितलं तर भिंतीवरच्या डब्यातून आवाज येत होता, पाण्याचा थेंब नव्हता. सगळं गुळगुळीत, सगळं फिकट, सगळ्याला एकच वास. गल्ल्यावरच्या मुलीने मान तिरकी करून हसून दाखवलं.

"मॅडम, आज आपण स्वतःसाठी काय निवडणार?"

"मला एक माहिती हवी आहे. माझ्या बहिणीची."

ताईचं नाव, तिच्या फोनचा नंबर, कुपनांचे क्रमांक. मुलगी खटाखट बोटं चालवत राहिली. मग म्हणाली, "एकदा आल्या होत्या. आठ वर्षांपूर्वी, मार्चच्या अठरा तारखेला."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. "आली होती ना?"

"हो, पण सेवा अपूर्ण दाखवतंय. नव्वद मिनिटांची होती. बाराव्या मिनिटाला ग्राहक उठून गेल्या."

"का?"

"कारणाचा रकाना आहे, थांबा... 'ग्राहकाची इच्छा'."

"हे कारण झालं?"

मुलगी ओशाळून हसली. "आम्हाला यादीतून एक निवडावं लागतं, मॅडम. 'ग्राहकाची इच्छा' सगळ्यात वर येतं."

"मालिश कुणी केली होती, ते असेल ना?"

"क्रमांक सात."

"तिला भेटता येईल?"

"मी इथं दोन वर्षं आहे, आणि आत्ताची क्रमांक सात ही मी चौथी बघतेय," मुलगी आवाज खाली आणून म्हणाली. "आमच्याकडे मुली टिकत नाहीत." मग तिला आपलं काम आठवलं असावं. "उरलेली अठ्ठ्याहत्तर मिनिटं मात्र आता घेता येणार नाहीत हं. मुदत संपली."

धाकटी हसली. हसू आलं म्हणून नाही, दुसरं काही येऊ नये म्हणून.

बारा मिनिटं. चपला काढायला, कपडे बदलायला, त्या पांढऱ्या पलंगावर पालथं पडायला पाच गेली असतील. सात मिनिटं ताईने धाकटीची माफी पाठीवर घेतली, आणि उठून गेली.

*

बाईंचं घर मागच्या रस्त्याला होतं. खाली वह्या-पेन्सिलींचं दुकान, त्याच्या बाजूच्या बोळातून आत गेलं की एक निळं दार. दारावर पाटी नव्हती. धाकटीने सकाळीच फोन केला होता. ताई गेली हे सांगितल्यावर बाईंनी आधी तारीख विचारली होती. मग, "दोन गुरुवार चुकले तेव्हाच मनात आलं होतं. न कळवता चुकवणाऱ्यातल्या नव्हत्या त्या. या तुम्ही. गुरुवारचे चार मी अजून कुणाला दिलेले नाहीत."

आजही गुरुवारच होता.

बाई साठीच्या पुढच्या. ठेंगण्या, रुंद मनगटांच्या, केस मागे घट्ट बांधलेल्या. खोलीत एक लाकडी टेबल, त्यावर जाड गादी आणि धुवून धुवून मऊ झालेली चादर. खिडकीला अर्धा पडदा. शेगडीवर पातेलं, पातेल्यातल्या गरम पाण्यात तेलाची बाटली बसवलेली. झरा नाही, वास नाही. असलाच तर उन्हात वाळलेल्या कापडाचा.

"बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय माझ्या गुडघ्यासारखा आहे, कधी दगा देईल सांगता येत नाही. इथं बसा."

धाकटी टेबलाच्या कडेला बसली. हात कुठं ठेवावे कळेना. पुढच्याच क्षणी मनात आलं, ताई इथं झोपायची. आठ वर्षं, ह्याच गादीवर, तोंड खाली घालून. चादरीवरचे हात तिने उचलून मांडीवर घेतले.

"बाई, मला एकच विचारायचंय. मी ताईला त्या मोठ्या स्पाची कुपनं पाठवत होते. चांगली जागा आहे. तिने ती वापरली नाहीत. तुमच्याकडे यायची. का?"

"जागा चांगलीच आहे," बाई म्हणाल्या. "मीच अकरा वर्षं काढली तिथं. टॉवेल ऊबदार, भिंतींना धूळ नाही. कंटाळलेल्या माणसाने जावं, बरं वाटतं. पण कंटाळलेलं माणूस वेगळं आणि दमलेलं वेगळं. तिथं दर खेपेला नवा हात असतो. नव्या हाताला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. काही माणसांना नसतं सांगायचं."

"माझ्याबद्दल काही बोलली होती का कधी? रागावून? काहीही?"

बाईंनी मान हलवली. ती हो नव्हती, नाहीही नव्हती. "इथं बोललेलं तेलाबरोबर जिरतं."

"पण ती आता नाही आहे बाई."

"त्या गेल्या म्हणून त्यांचं बोलणं माझं झालं का?"

आवाज कठोर नव्हता. पण दार लावल्यासारखा होता. धाकटीच्या डोळ्यात पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही तिला राग आला. दुकानात ती दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायची, कुणाला जवळचं दिसत नाही, कुणाला लांबचं, हे सांगायची. इथं तिला समोरचं काहीच दिसत नव्हतं.

बाई उठल्या. कपाटातून त्यांनी बुटांचं खोकं काढलं. आत पोस्टकार्डाएवढी कार्डं, नाडीने बांधलेली.

"बोलणं देता येत नाही, हे देता येतं. माझी एक रीत आहे. माणूस आलं की त्याला आधी भिंतीकडे तोंड करून उभं करायचं, मग पुढून. बघायचं आणि कार्डावर मांडायचं. विचारायचं नाही. स्पामधून निघताना दोन शिक्के करून घेतले होते, एक पाठीचा, एक पुढचा. त्यावर खुणा करायच्या. पाठ ज्याची, कार्ड त्याचं. माणूस यायचं थांबलं की सगळी त्याच्या हातात देते. माणूसच नसेल तर घरच्यांच्या." त्यांनी नाडी सोडली. "तुम्ही घरच्याच ना?"

"घरचीच," धाकटी म्हणाली.

प्रत्येक कार्डावर शाईच्या शिक्क्याची दोन माणसं होती. ना नाक, ना डोळे, नुसती अंगाची कड. एक पाठमोरं, एक समोरून. वर तारीख. अंगावर कुठं निळ्या पेन्सिलीने गोल, कुठं लाल पेन्सिलीने फुली. अक्षर एकही नाही.

"गोल म्हणजे?"

"गाठ. तिथं काम करायचं."

गोल मानेखाली होते, कमरेला होते, उजव्या खांद्याच्या पात्यामागे तर एकात एक तीन गोल. आईला उठवायचं, बसवायचं, कुशीवर वळवायचं; ते सगळं इथं निळं होऊन उतरलं होतं.

"आणि फुली?"

बाई शेगडीकडे वळल्या. बाटली पाण्यातून काढून पुसत म्हणाल्या, "तिथं हात लावायचा नाही. दुखरं आहे. काळंनिळं."

धाकटीने सगळ्यात खालचं, पहिलं कार्ड काढलं. तारीख मार्चची बावीस. आठ वर्षांपूर्वीची. स्पामधून बाराव्या मिनिटाला उठून गेली, त्यानंतर चौथा दिवस. शिक्क्यातल्या पाठमोऱ्या बाईच्या दोन्ही दंडांवर फुल्या होत्या. ओळीने चार, ओळीने चार. समोरच्या बाजूला दंडांवर एकेक. खांद्यावर फुली नव्हती, बारीक ठिपक्यांचा अर्धगोल होता.

"हे काय आहे?"

"दिसलं तसं काढलं."

चार आणि एक. धाकटीने आपल्याही नकळत आपला दंड धरला. चार बोटं मागे, अंगठा पुढे. आणि तो अर्धगोल... आईचे दात शेवटपर्यंत शाबूत होते. ताई कौतुकाने सांगायची, ऐंशीची झाली पण एक दात हलला नाही हो आमच्या आईचा.

तिने कार्ड मांडीवर पालथं ठेवलं.

"त्या स्पामध्ये," धाकटी हळू म्हणाली, "त्या मुलीने विचारलं असणार. हे कशाने झालं म्हणून."

"मी नव्हते तेव्हा तिथं," बाई म्हणाल्या. "पण तसा नियम आहे. अंगावर असं दिसलं की विचारायचं, घरी कुणी मारतं का. वरिष्ठांना बोलवायचं. नियम चांगलाच आहे. एखादीचा जीव वाचतो त्याने." त्यांनी फडक्याची घडी घातली. "एखादी उठून जाते."

घरी कुणी मारतं का? काय सांगणार होती ताई? आई मारते?

आईचे हात. धाकटीला आईचे हात आठवले. लहानपणी दोघी बहिणी दिवसभर उंडारून यायच्या, आणि झोपताना आई त्यांची पावलं मांडीवर घेऊन चेपायची. गाणं म्हणायची, तिचं तिनेच जुळवलेलं:

पायांनो पायांनो, कुठं रे गेलात?
दिवसाचं ऊन सारं घेऊन आलात.
ऊन द्या माझ्या हाती, नीज घ्या उशाला,
उद्याच्या वाटेची घाई कशाला?

त्या हातांनी कधी चिमटासुद्धा काढला नव्हता. आजारपणातही धाकटी भेटायला गेली की आई तिचा चेहरा ओंजळीत घ्यायची. "आली गं माझी चिमणी." नाव विसरली होती, पण चिमणी विसरली नव्हती. शांत, गोड, फुलासारखी आई. धाकटी परत जाऊन नवऱ्याला सांगायची, "ताई उगाच दमले दमले म्हणते. आई तर किती शहाण्यासारखी बसून असते."

ताई नेहमी सांगायची, "अकरा ते एकमध्ये ये हं. त्या वेळी ती छान असते." आणि भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या घालायची. धाकटी हसायची तिला. "ताई, तुला काय थंडी वाजते का गं?" "ऊन सोसत नाही मला," ताई म्हणायची.

धाकटीचे हात आपोआप तारखा शोधू लागले. आईचा ऐंशीवा वाढदिवस. धाकटी केक घेऊन आली होती, अकरा वाजता. आईने तिला भरवलं होतं. निघताना ती म्हणाली होती, राहते अजून थोडी. तर ताई घाईघाईने म्हणाली, "नको, बस चुकेल. आणि माणसं येऊन गेली की ती दमते."

त्या वाढदिवसानंतर तिसऱ्या दिवसाचं कार्ड. फुल्या मोजाव्या लागल्या. अकरा.

तिने दुसरी तारीख शोधली, आपण आलो होतो ती. मग तिसरी. प्रत्येक भेटीनंतरच्या कार्डावर लाल जास्त होतं. चिमणी यायची, गोडवा खाऊन उडून जायची, आणि मागे राहिलेल्या बाईला आई ओळखायची नाही, कोण ही परकी, माझ्या चिमणीला कुठं घालवलंस. असंच काही होत असणार, दुसरं काय? ताईने कधी "येऊ नकोस" म्हटलं नाही. "अकरा ते एक" म्हटलं.

"बाई," ती म्हणाली, "ती रागावली असती ना, तर बरं झालं असतं."

बाईंनी तेलाची बाटली परत गरम पाण्यात ठेवली.

आई गेली त्या आठवड्याचं कार्डही होतं. आई रविवारी गेली. ताई गुरुवारी इथं आली होती. उजव्या मनगटावर फुल्या, चार आणि एक. आई जाऊन चार दिवस झाले होते, आणि तिची बोटं ताईच्या मनगटावर अजून होती.

त्यानंतर लाल कुठंच नव्हतं. नुसते निळे गोल, आणि तेही कार्डागणिक कमी होत गेलेले. पात्यामागच्या तीन गोलांचे दोन झाले, दोनाचा एक. शेवटच्या कार्डावर मानेखालचा गोल अर्धवट काढून सोडून दिला होता.

"हा पुरा का नाही केलात?"

"सुटत आली होती ती गाठ," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा हलला. "अजून दोन गुरुवार लागले असते."

धाकटी कार्डं मांडीवर घेऊन बसून राहिली. रडू येत नव्हतं. आतमध्ये कुणी फरशीवरून पलंग ओढत न्यावा तसं होत होतं. बाई तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तळहात एकमेकांवर घासले आणि न विचारता तिच्या मानेवर ठेवले. मग खांद्यांवर, मग कपड्यावरूनच पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी खाली. ते हात गरम होते आणि त्यांना घाई नव्हती. ताईला हे हात माहीत होते. ताईला एवढं तरी होतं.

"मला काही होत नाहीये," धाकटी म्हणाली. "माझी पाठ दुखत नाही."

"हो ना," बाई म्हणाल्या. "हात फिरवला तर कळलंच. काही नाही तुमच्या पाठीला. मोकळी आहे."

त्यांच्या मनात टोमणा नव्हता. त्या फक्त पाठीबद्दल बोलत होत्या. पण धाकटी उठली, खोकं काखेत घेतलं आणि "येते" म्हणायचंही विसरून दाराबाहेर पडली.

*

बोळातून रस्त्यावर आली तोच फोन वाजला. दादा होता. त्याच्याकडे सकाळ, आवाज ताजा.

"काय गं, भेटल्या का त्या बाई?"

"भेटल्या."

"मग? रागावली होती का ताई तुझ्यावर?"

शाळा सुटली होती. पोरं दप्तरं पाठीवर आपटत चालली होती. धाकटी दुकानाच्या भिंतीला टेकली.

"नाही," ती म्हणाली. "रागावली नव्हती."

"बघ! मी म्हटलं नव्हतं? उगाच जिवाला लावून घेतलंस. तिला त्या बाईंचा हात आवडत असेल, बाकी काय. आता तरी गप जेव नीट." तो हसला. मग जरा घुटमळत म्हणाला, "एक ऐक ना. पुढच्या आठवड्यात आईचा वाढदिवस. नातेवाइकांना पाठवायला आईबद्दल चार ओळी लिहिल्यात. वाचू?"

"वाच."

दादा वाचू लागला. तो लांब गेला तेव्हा आई धडधाकट होती; त्याच्याकडे तीच आई होती, न विसरलेली, न बिघडलेली. आईचं गाणं, आईची पावलं चेपायची सवय, आईच्या हातची चव. त्याचा आवाज मध्येच भरून आला. "...'आमच्या आईने उभ्या जन्मात कुणाला बोट लावलं नाही.' ही ओळ जरा जास्त होतेय का गं? तू जवळ होतीस. तू सांग."

तू जवळ होतीस. धाकटीने डोळे मिटले. खोकं काखेतून घसरत होतं, ते तिने छातीशी धरलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ताईला एक वाक्य पुरलं असतं, आठ वर्षांत कधीही, एकदाच, पातेलं पालथं घालताना. दुसरं आहेच काय असं विचारलं होतंस ना, हे बघ, हे आहे. एक बाही वर केली असती तरी पुरलं असतं. तिने ती केली नाही. दादाची आई दादाला राहू दिली, धाकटीची धाकटीला.

धाकटीची आता गेली होती.

"आहेस का? आवाज येतोय का?" दादा विचारत होता.

"येतोय," ती म्हणाली. "ओळ बरोबर आहे, दादा. तशीच पाठव."

"नक्की?"

"नक्की."

"आणि शेवटी 'ताईने आईची मनापासून सेवा केली' असं घातलंय. चालेल ना?"

धाकटीला बोलायचं होतं. रस्त्यावरून एक पाण्याचा टँकर गेला, त्याचा आवाज संपेपर्यंत ती थांबली. आवाज संपला तरी ती थांबलेलीच होती.

"चालेल," ती म्हणाली, आणि चालू लागली.